‘आपण’ म्हणजे कोण कोण?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर आवाज आधी मी चढवला, हे मान्य. तुझं शेवटचं वाक्य लागलं होतं. ‘अरे, देशच नसेल तर तुझे ते मानवी हक्क ठेवशील कुठे?’ त्या क्षणी उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की माणूस आवाज चढवतो. आता आठवडा उलटलाय, डोकं थंड आहे. शिवाय पत्राची एक सोय असते. तुला मधेच ‘हो, पण’ म्हणता येत नाही.

तर आधी कबुली. तुझा प्रश्न बिनतोड आहे. तुझ्याआधी ज्यांनी तो विचारला त्यांनी तर तो भोगून विचारला होता. ज्यू विचारवंत हाना आरेन्ट १९३३ साली जर्मनीतून जीव मुठीत धरून निसटल्या. पुढे त्यांचं नागरिकत्वही गेलं. फ्रान्समधल्या छावणीत राहून त्या अमेरिकेला पोचल्या आणि १९५१ साली तिथलं नागरिकत्व मिळेपर्यंत त्या कुठल्याच देशाच्या नव्हत्या. या वर्षांतून त्यांनी जे काढलं ते मला अजून अस्वस्थ करतं. माणसाचं बाकी सगळं गेलं, देश गेला, कायदा गेला, आणि हातात फक्त ‘मी माणूस आहे’ एवढंच उरलं, की नेमक्या त्याच वेळी त्याला कुणी माणूस म्हणून विचारत नाही. म्हणून त्या म्हणत, बाकीच्या हक्कांच्या आधी एक हक्क लागतो, हक्क असण्याचा हक्क. त्यांनी एक कसोटीही सांगितली होती. एखादा माणूस कायद्याच्या बाहेर फेकला गेलाय का, हे ओळखायचं असेल तर बघा, छोटीशी चोरी केली तर त्याची अवस्था सुधारेल का? निर्वासिताने चोरी केली की त्याला निदान वकील मिळतो, सुनावणी मिळते, त्याच्यावरचा आरोप कागदावर येतो. चोर झाला की तो कायद्याला दिसतो. त्याच्या आदल्या दिवशी तो दिसतच नव्हता!

१९२२ साली राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे आयुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी अशाच लोकांसाठी कागद काढला होता. क्रांतीनंतर देशाबाहेर राहिलेल्या रशियनांचं नागरिकत्व सोव्हिएत सरकारने एका हुकमाने काढून घेतलं, आणि लाखो माणसं एका रात्रीत कुणाचीच नाहीत अशी झाली. नान्सेन पासपोर्टने कुठल्याच देशाचं नागरिकत्व मिळत नव्हतं, तरी बऱ्याच देशांनी तो चालवून घेतला. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की, चित्रकार शागाल यांच्याही खिशात तो होता. पण तो होता प्रवासाचा कागद. तो दाखवून पुढे जाता येई, ‘मी इथला’ असं म्हणता येत नसे.

तेव्हा, हो. हक्क ठेवायला जागा लागते आणि आजच्या जगात ती जागा देशाकडेच आहे. इथवर मी तुझ्या बाजूचा.

पण यातून तू काढतोस तो निष्कर्ष, ‘म्हणून आधी देश, मग हक्क’, तिथे माझं अडतं. सगळे हक्क एकाच कुंपणात ठेवले, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यावर दाद कुणाकडे मागायची? उगाच घाबरवतोय असं वाटेल तुला, म्हणून एक प्रसंग सांगतो. यात हुकूमशहा नाही, रणगाडे नाहीत. असा प्रसंग मी मुद्दाम निवडला, कारण हिटलरचं नाव घेतलं की तू हात झटकून मोकळा होतोस.

युगोस्लाव्हियातून स्लोव्हेनिया वेगळा झाला. २३ डिसेंबर १९९० रोजी सार्वमत झालं आणि एकूण मतदारांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वतंत्र देशाच्या बाजूने कौल दिला. वीस लाखांचा देश, स्वतःची भाषा, शांत माणसं. राष्ट्रवाद आणि लोकशाही हातात हात घालून चालल्याचं याहून सुंदर चित्र शोधून सापडणार नाही. त्या प्रदेशात युगोस्लाव्हियाच्या इतर भागांतून आलेलीही बरीच माणसं वर्षानुवर्षं राहत होती. त्यांना सांगितलं, सहा महिन्यांत अर्ज करा, नागरिकत्व मिळेल. सुमारे १ लाख ७० हजार लोकांना ते मिळालं. काहींनी अर्ज केला नाही, काहींचा फेटाळला गेला. २६ फेब्रुवारी १९९२ रोजी उरलेल्या २५,६७१ जणांची नावं कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकली गेली. नोटीस नाही, पत्र नाही, काही नाही.

त्यांना कळलं ते खिडकीवर. कुणी वाहन परवान्याचं नूतनीकरण करायला गेला, कुणी पासपोर्टसाठी, कुणी मुलाच्या जन्माची नोंद करायला. खिडकीपलीकडचा कारकून म्हणायचा, ओळखपत्र बघू. हा बिचारा ते आत सरकवायचा. कारकून ते घेऊन पंचिंग मशिनमध्ये धरायचा, भोक पाडायचा आणि परत द्यायचा. झालं. एवढ्याने नोकरी बेकायदा झाली, दवाखान्याचा विमा गेला, पेन्शनचा हिशेब तुटला. राहत्या घरात तो माणूस परका झाला. काहींना हद्दीबाहेरही नेऊन सोडलं. तिकडे या लोकांना ‘इझब्रिसानी’ म्हणतात, म्हणजे पुसलेले.

मला त्या कारकुनाचा विचार सुटत नाही. तो दुष्ट असेल असं वाटत नाही. वरून परिपत्रक आलेलं, टेबलावर मशिन, समोर रांग. माझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन कागदांवर एका अक्षराचा फरक आहे, तुला ठाऊक आहे. मागे एकदा खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, ‘यातले तुम्ही कोणते?’ त्या सहज बोलल्या, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत पोटात काहीतरी हललेलं होतं. तो फरक दुरुस्त करायला मला तीन चकरा पडल्या, बस. आपलं काम जिच्यावर अडतं ती यादी दुसऱ्याची आहे आणि तिच्यातून आपण कसे आत-बाहेर होतो ते आपल्या हातात नाही, हे तेवढ्यापुरतं कळलं.

आता पुढचा भाग, ज्यासाठी हे सगळं सांगतोय. १९९९ साली तिथल्याच संविधान न्यायालयाने सांगितलं, हे पुसणं बेकायदा होतं. २००३ मध्ये पुन्हा सांगितलं, यांचा दर्जा पहिल्यापासून परत द्या. संसदेने तसा कायदा केला. विरोधकांनी त्यावर सार्वमत मागितलं. ४ एप्रिल २००४ रोजी ते झालं. मतदानाला तिघांतला एकसुद्धा धड गेला नाही, पण जे गेले त्यांतल्या जवळजवळ ९५ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. मोकळं, शांत, कायदेशीर मतदान. शेवटी २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्लोव्हेनियाला दोषी ठरवलं, आणि २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी देशाच्या वतीने माफी मागितली. भोक पाडल्याला तोवर तीस वर्षं झाली होती.

त्या सार्वमतात ज्यांची नावं अजून यादीबाहेर होती, त्यांना अर्थातच मत नव्हतं. प्रश्न त्यांचा, उत्तर बाकीच्यांचं.

इथे मला आपल्या भाषेची आठवण होते. इंग्रजीत ‘वी’ म्हटलं की संपलं. आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘आपण जाऊ’ म्हटलं की समोरचाही आला. ‘आम्ही जाऊ’ म्हटलं की समोरच्याला कळतं, आपण घरी. लहान मूलसुद्धा यात चुकत नाही. ‘आम्ही चाललो’ ऐकलं की रडायला लागतं. लोकशाही तोंडाने कायम ‘आपण’ म्हणते. पण ‘आपण’मध्ये कोण कोण, हे तिला तिच्या रीतीने ठरवताच येत नाही. मतदान करून ठरवायचं म्हटलं, तर त्या मतदानाला कुणी यायचं हे आधी ठरलेलं हवं. आयव्हर जेनिंग्ज या घटनातज्ज्ञाने १९५६ साली हे जरा खवचटपणे सांगून ठेवलंय, की लोकांना ठरवू द्या हे ऐकायला ठीक आहे, पण लोक म्हणजे कोण हे आधी कुणीतरी ठरवल्याशिवाय लोक काही ठरवू शकत नाहीत. ते ‘कुणीतरी’चं काम राष्ट्रवाद करतो. तो ‘आपण’ची यादी करून देतो, आणि यादी करता करता शब्द हळूच ‘आम्ही’ होतो. (आपल्या संविधानाच्या मराठी उद्देशिकेची सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी आहे. तिथे ‘आम्ही’ का घेतलं असेल, यावर एकदा भांडू. माझ्या मते तो जगाला सांगायचा ‘आम्ही’ आहे. तू काहीतरी वेगळंच म्हणशील.)

स्वित्झर्लंडचं बघ. लोकशाहीचं माहेरघर म्हणून ज्याचं नाव घेतात, तिथे बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ साली. १९५९ मध्ये एकदा विचारून झालं होतं, तेव्हा तीनांतले दोन ‘नको’ म्हणाले. विचारलं कुणाला? पुरुषांना. आपेनझेल इनररोडेन नावाच्या छोट्या परगण्यात तर चौकात जमून हात वर करून मतदान होई आणि पुरुष मतदार असल्याची खूण म्हणून कमरेला तलवार लावून येत. १९९० च्या एप्रिलमध्येसुद्धा त्या चौकाने नकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा कुठे तिथल्या बायका मतदार झाल्या. बहुमताची वाट बघत बसल्या असत्या तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

हे वाचून तू म्हणशील, म्हणजे राष्ट्रवाद वाईट, असंच ना शेवटी? नाही. तू मला समजतोस तेवढा मी एकारलेला नाही. निवडणूक हरलेला पक्ष दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडून घरी जातो, ते का? जिंकलेला शत्रू नाही, आपल्यातलाच आहे, पाच वर्षांनी पुन्हा बघू, असं त्याला मनातून वाटतं म्हणून. ज्याचं तोंडही बघितलेलं नाही अशा माणसाच्या म्हातारपणासाठी आपण कर भरतो, तोही कुरकुरत का होईना, याच ओलाव्यावर. हा ओलावा कायद्याने तयार होत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांना तर १८६१ साली वाटत होतं, की ज्यांना एकमेकांविषयी आपलेपणा नाही अशा अनेक राष्ट्रीयत्वांच्या देशात लोकशाही संस्था टिकणं जवळपास अशक्य. पुढच्याच वर्षी इतिहासकार लॉर्ड ॲक्टन यांनी नेमकं उलट लिहिलं, एका राज्यात अनेक राष्ट्रीयत्वं नांदत असली तर तीच स्वातंत्र्याची राखण करतात. दीडशेहून अधिक वर्षं होऊन गेली, हे भांडण मिटलेलं नाही. आपलं एका फोनवर कसं मिटणार?

आणि वसाहतींत राहिलेल्यांना राष्ट्रवादाला नावं ठेवणं परवडतही नाही. परक्याच्या राज्यात मत कसलं आणि हक्क कसले! १९६६ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचे दोन मोठे करार केले, एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा. दोन्हींचं पहिलं कलम शब्दशः सारखं आहे, आणि ते आहे सर्व जनसमूहांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचं. एकेकट्या माणसाचे हक्क त्यानंतर. म्हणजे तुझा ‘आधी देश’ तिथेही पहिल्या पानावर बसलाय. बघ, तुझ्या बाजूचा पुरावा मीच शोधून देतोय.

माझं भांडण आहे ते ‘आपण’ची यादी स्वच्छ करायला निघणाऱ्यांशी. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तानने करार केला, माणसांच्या अदलाबदलीचा. सक्तीची अदलाबदल, आणि निकष एकच, धर्म. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती तुर्कस्तानातून ग्रीसला, साडेतीन-चार लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानला. यात तुर्कस्तानच्या अनातोलिया भागातले कारामानली ख्रिस्ती होते, ज्यांची मातृभाषा तुर्की. लिपी तेवढी ग्रीक, भाषा तुर्कीच. त्यांना ग्रीक ठरवून ग्रीसला पाठवलं. आणि क्रीट बेटावरच्या ग्रीक बोलणाऱ्या मुसलमानांना तुर्क ठरवून तुर्कस्तानला. मायदेशात पोचले आणि शेजाऱ्याशी बोलता येईना! या योजनेत नान्सेन यांचाही हात होता. होय, तेच, पासपोर्टवाले. कत्तलीपेक्षा हे बरं, असा त्यांचा हिशेब असणार. चांगल्या माणसालाही हा हिशेब करावासा वाटतो, यात मला त्याची खरी भीती दिसते.

आता तुझ्या दुसऱ्या मुद्द्यावर येतो. ‘झेंड्याला साधा सलाम करायला काय जातं?’ असं तू म्हणालास. हा प्रश्न दोन मुलांना विचारला गेला होता. १९३५ साल, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं मायनर्सव्हिल गाव. विल्यम दहा वर्षांचा, त्याची बहीण लिलियन बाराची. घरचे यहोवाचे साक्षीदार पंथाचे, देवाखेरीज कशालाही वंदन नाही. दोघांनी शाळेत सलाम करायचं नाकारलं आणि शाळेतून नावं कमी झाली. दहा वर्षांच्या विल्यमने शाळेच्या संचालकांना पत्र लिहिलं, स्वतःच्या अक्षरात. माझं देशावर प्रेम नाही म्हणून मी सलाम करत नाही असं नाही, देशावर प्रेम आहे, पण देवावर जास्त आहे, असा त्याचा मजकूर. त्यांचं आडनाव गोबिटास. कोर्टाच्या कागदांवर ते चुकून गोबिटिस झालं आणि कायद्याच्या पुस्तकांत आजही तसंच आहे. माझ्या स्पेलिंगचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल लागला जून १९४० मध्ये. युरोपात फ्रान्स कोसळत होता, वातावरण तुला कळेल. आठ विरुद्ध एक, मुलं हरली. निकाल लिहिला न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी, जे स्वतः बाराव्या वर्षी व्हिएन्नाहून आलेले ज्यू स्थलांतरित. राष्ट्रीय ऐक्य हा राष्ट्रीय सुरक्षेचा पाया आहे, असं त्यांनी लिहिलं. मी त्यांना नावं ठेवू शकत नाही. ज्या देशाने आपल्याला घेतलं त्याच्याबद्दल जी कृतज्ञता असते ती त्या वाक्यात आहे. पण गावोगावच्या लोकांनी निकालाचा अर्थ सोपा केला, की कोर्टानेच यांना गद्दार ठरवलं. काही दिवसांतच मेन राज्यात केनेबंकला या पंथाचं प्रार्थनागृह जाळलं गेलं. ठिकठिकाणी माणसांना मारहाण झाली.

आणखी एक बारकावा. त्या काळी अमेरिकन मुलं झेंड्याला सलाम कशी करत? हात सरळ पुढे, वर ताणून. जर्मनीतल्यासारखाच. युद्ध सुरू झाल्यावर ते दिसायला फारच वाईट दिसू लागलं, तेव्हा डिसेंबर १९४२ मध्ये तिथल्या संसदेने ठरवलं, यापुढे हात छातीवर. म्हणजे ज्या कृतीसाठी मुलांना शाळेबाहेर काढलं, ती सात वर्षांत सरकारनेच बदलली.

१४ जून १९४३ रोजी, तिथल्या झेंडा दिनाच्याच दिवशी, न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवला. दुसऱ्या एका कुटुंबाचा खटला होता, आणि त्यांचंही आडनाव कोर्टाने चुकीचंच लिहिलं, बार्नेटचं स्पेलिंग बिघडवलं! या वेळी सहा विरुद्ध तीन. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं त्याचा भाव असा, की काही हक्क मतदानाला टाकायचेच नसतात, निवडणुकीत कोण जिंकलं यावर ते अवलंबून ठेवायचे नसतात, आणि सक्तीने घडवलेलं एकमत हे स्मशानातलं एकमत असतं. बाहेर महायुद्ध चालू होतं, त्यांच्या देशाची माणसं रोज मरत होती. तू म्हणतोस तशी ‘ही वेळ नाही’ म्हणायला याहून योग्य वेळ कोणती होती?

लगेच मला टोमणा मारू नकोस, मीच सांगतो. त्याच न्यायालयाने दीड वर्षाने, डिसेंबर १९४४ मध्ये, जपानी वंशाच्या लोकांना किनारपट्टीवरून हलवणं योग्य ठरवलं. सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांत, त्यांतली दोन तृतीयांश अमेरिकेची नागरिक. आणि हा निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी, ज्यांनी झेंड्याच्या दुसऱ्या खटल्यात मुलांच्या बाजूने मत दिलं होतं. जॅक्सन यांनी या निकालाला विरोध नोंदवला, पण ते अल्पमतात गेले. तेव्हा कोर्ट म्हणजे देव असं मी म्हणत नाही. नागरिकत्वाचा पक्का कागद हातात असूनही पुरत नाही, हेही त्या छावण्यांनी दाखवलं. तुझ्या ‘देश असेल तर हक्क असतील’ या वाक्याला मला सगळ्यात जास्त इथे हरकत आहे. त्यांना देश होता.

मग काय करायचं, असं विचारशील. माझ्याकडे आख्खं उत्तर नाही. संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्कांचं एक घोषणापत्र आहे, १० डिसेंबर १९४८ चं. पॅरिसमध्ये ४८ देशांनी बाजूने मत दिलं, विरोधात कुणी नाही, आठ तटस्थ. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द होता, तो बदलून ‘सर्व मानव’ करायला लावला भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. पंधरावं कलम म्हणतं, प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. पण कुठल्या देशाने ते द्यायचं, याबद्दल अक्षर नाही. मी ते कलम या आठवड्यात चारपाच वेळा वाचलं. दर वेळी वाटलं, वाक्य पुरं व्हायला अजून एक शब्द हवा होता आणि तो लिहायची हिंमत तेव्हा कुणाला झाली नाही. आज तरी कुठे आहे?

मला एवढं मात्र पटत चाललंय, की ज्याच्याबद्दल मतदान आहे तोच मतदानाच्या खोलीबाहेर उभा असेल, तर त्या मोजणीला लोकांचा कौल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तू म्हणशील, मग उद्या सगळ्या जगाला मत द्यायचं का? सरहद्द कुठे आखायची? इथे मी खरंच अडकतो. सीमा नसलेला ‘आपण’ मला कल्पनेतही नीट दिसत नाही. विचार करून ठेव. तुझ्याकडे याचं उत्तर असेल तर ऐकायचंय, आणि या वेळी वाक्य पुरं होऊ देईन, शब्द देतो.

रविवारी मीच फोन करतो. नाही उचललास तर समजेन, पत्र लिहितोयस.

तुझाच,
मी